आधी काय दुखलं

२२ जानेवारी १९६२, सोमवार

तीस सालच्या हिवाळ्यात, लग्नाला चार महिने झाले होते तेव्हा, अकोल्याच्या घराच्या मागच्या पडवीत आम्ही दोघं एक रजई शिवत बसलो होतो. शिवत मी होते. हे फक्त सुयांमध्ये दोरे ओवून देत होते. सात सुया एका ओळीत उशीला टोचलेल्या. मी एक संपवली की दुसरी हाताशी तयार. दुपारभर आम्ही काही बोललो नाही. एकदाच हे म्हणाले, "तुझे टाके आधी बारीक पडतात, मग घाई होते." मी हसले, आणि पुढचे टाके मुद्दाम मोठे घातले.

आज दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून मला ती दुपारच आठवत राहिली. शाळेत आम्हाला मदर ॲग्नेस सांगायच्या की मन ठिकाणावर नसेल तर लिहायला बसा, वाक्य पूर्ण करता करता माणूस ताळ्यावर येतं. म्हणून ही वही.

काल सकाळी साडेनऊला हे पडले. सिंधूवन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, अष्टग्रहीच्या यज्ञासाठी बाळापूरहून आमच्याकडे राहायला आल्या आहेत. त्या अंबादेवीला गेल्या होत्या. घरी आम्ही दोघंच. तिसरं माणूस आमच्या घरात कधी आलंच नाही.

वन्सं परत आल्या तेव्हा हे जमिनीवर होते, घामाने भिजलेले, श्वास जोरात चाललेला, हात छातीवर. "काय झालं गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आंघोळ करून आले आणि छाती धरून खाली बसले." पुढे ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या प्रत्येकाला मी हेच सांगितलं.

चार घरं पुढे डॉ. उद्धवचा सहा खाटांचा दवाखाना आहे. हे शाळेत गणित शिकवतात, आणि उद्धव हा यांचाच जुना विद्यार्थी, गणितात शंभरापैकी एकतीस. शेजाऱ्यांनी यांना खाटेसकट तिथे नेलं. उद्धवने गावातल्या हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. प्रेशर दोनशे दहा. लघवी निळ्या औषधात घालून उकळली तर विटकरी झाली, म्हणजे साखर. मग यंत्र आणून हृदयाचा आलेख काढला. मोठे डॉक्टर ती पट्टी उजेडात धरून म्हणाले, "स्पष्ट आहे. हृदयाचा झटका. आणि मधुमेह तुम्हाला ठाऊक नव्हता." रक्त पातळ करायचं औषध नागपूरहून मागवलं आहे, उद्या दुपारच्या मोटारीने येईल.

उद्धव मात्र अजून खाटेपाशीच होता. यांची मान उचलून पाहत होता. मान वाकत नव्हती.

२२ जानेवारी, संध्याकाळी

जे कुणाला सांगितलं नाही ते इथे तरी लिहिते.

आमचं भांडण झालं होतं. समोरच्या मैदानात खुशालराव अष्टग्रहीचा यज्ञ करताहेत. मकरेत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून सारं गाव घाबरलं आहे. एक्कावन्न जोडपी बसवायची आहेत, त्यांत आम्ही बसावं असं त्यांना वाटत होतं. मलाही. हे म्हणाले, "ग्रह आपापल्या जागी आहेत, फक्त एका रेषेत दिसताहेत. त्यात भिण्यासारखं काय आहे?" मला त्या ग्रहांचं काही नव्हतं. मला चारचौघांत यांच्या शेजारी पाटावर बसायचं होतं. मी म्हटलं, "बत्तीस वर्षांत माझ्यासाठी म्हणून तुम्ही एक गोष्ट केली असेल तर सांगा." आवाज चढला होता माझा. मग असं काही बोलले की ते इथेही लिहीत नाही.

हे उठले. दोन पावलं गेले. मानेमागे हात नेला आणि म्हणाले, "डोकं." एवढंच. जसं कुणी मागून मारावं तसा चेहरा. मग ओकारी, मग कोसळले. छातीवर हात नंतर गेला, पडल्यावर.

बहिणीसमोर कसं सांगू की मी त्यांच्या भावाला हे केलं?

निब खराब झालं आहे वाटतं. अक्षर थरथरतंय.

२३ जानेवारी

सकाळी उद्धव मला औषधांच्या खोलीत घेऊन गेला. दार लोटलं. म्हणाला, "काकू, मोठ्या डॉक्टरांचा आलेख चुकीचा नाही. पण मान मला गप्प बसू देत नाही. सरांचा पहिला शब्द काय होता?"

"छातीत..."

"शब्द, काकू. वर्गात सर आम्हाला म्हणायचे, उत्तर नको, पहिली पायरी दाखव."

मी रडले नाही. घसा इतका कोरडा पडला होता की शब्दच सुटेना. मग सगळं सांगितलं. भांडण, मान, "डोकं," ओकारी, आणि शेवटी छाती. जे वहीत लिहिलं नव्हतं तेही सांगितलं.

त्याने ते शेवटचं ऐकलंसुद्धा नाही. "आधी डोकं? नक्की?" म्हणून तो धावतच बाहेर गेला.

तासाभरात यांना कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन, कमरेच्या मणक्यांतून सुईने पाणी काढलं. ते पाणी स्वच्छ असायला हवं. उद्धवने काचेची नळी माझ्यासमोर धरली. लालसर होती, तीन नळ्या, तिन्ही सारख्या लाल.

"मेंदूभोवती रक्तस्राव झालाय," तो म्हणाला. "मेंदूवरच्या आवरणाखाली एक रक्तवाहिनी फुटलीय. आत्ता तिच्यावर गुठळी बसून ती बंद झाली आहे. तीच गुठळी आपल्याला हवी आहे. आणि दुपारच्या मोटारीने आपण रक्त पातळ करायचं औषध मागवलंय."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मोठे डॉक्टर दुपारी आले, नळ्या पाहिल्या. मग उद्धवच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, हे परवाच सांगितलं असतंत तर परवाच कळलं असतं. पण आज सांगितलंत." औषधाची पेटी न फोडता परत गेली.

संध्याकाळी वन्संना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या माझं तोंड पाहणार नाहीत. त्या म्हणाल्या, "एवढी कॉन्व्हेंटात शिकलीस आणि खोटंसुद्धा धड बोलता येत नाही तुला! अगं, मी बाळापुरात रोज भांडत होते नवऱ्याशी. शेजारणी घड्याळं लावून घ्यायच्या माझ्या आवाजावर. त्यांना काय झालं? ते गेले विषमज्वराने." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

२५ जानेवारी

मला ते हृदयाचं आणि साखरेचं कळेना, म्हणून उद्धवला विचारलं. हृदय चांगलं असेल तर पट्टीवर झटका कसा उमटला? साखर आली कुठून?

तो म्हणाला, "रक्त मेंदूभोवती सांडलं की मेंदूला वाटतं, जिवावर बेतलं. तो सगळ्या शरीराला हाकारा देतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी भराभर रस सोडतात. नाडी धावते, प्रेशर चढतं, घाम फुटतो, तोंड सुकतं, यकृतातली साखर रक्तात ओतली जाते, म्हणजे पळायचं झालं तर पाय चालावेत. हृदयाला तर इतकं पिटाळलं जातं की त्याचा आलेखच बिघडतो. माणूस खाटेवर निजलेला, आणि आत शरीर जीव घेऊन पळतंय."

आमच्या शाळेत एकदा पडदा पेटला होता. कुणीतरी आगीची घंटा वाजवली. दोनशे मुली एका जिन्यावर. पडदा तांब्याभर पाण्याने विझला. पण जिन्यात दोघींचे हात मोडले, आणि आग विझल्यावरही घंटा वाजतच होती, कारण वाजवणाऱ्या बाईंना कुणी सांगितलंच नाही. मी हे उद्धवला सांगितलं. तो म्हणाला, "हेच. आता आपलं काम ती घंटा थांबवायचं. प्रेशर चढलं तर गुठळी सुटेल, आणि दुसऱ्यांदा फुटलं तर..." 

शस्त्रक्रिया मुंबईला होते, पण इतका प्रवास आत्ता झेपणार नाही. सहा आठवडे अंधारी खोली. उठायचं नाही, बोलायचं नाही, खोकला येऊ द्यायचा नाही, कुंथायचं नाही. त्यातले पहिले तीन आठवडे फार जपायचे.

आज अर्धा तास यांच्यापाशी बसले. डोळे मिटलेले होते. हात धरला नाही, फक्त शेजारी बसले.

२९ जानेवारी

भेटायला येणाऱ्यांचं काय करावं? आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं नाही म्हणजे वैरच. शाळेतले मास्तर, अचलपूरचे चुलतभाऊ, भाजीवाली पार्बताबाई, सगळे दारात. मी दारापाशी स्टूल टाकून बसते आणि प्रत्येकाला हात जोडून परत पाठवते. अचलपूरकर म्हणाले, "आम्ही काय परके आहोत?" आणि संत्र्यांची टोपली तिथेच ठेवून रागाने गेले. बाकावर आता नारळ, संत्री, पेढे, अंगारे यांचा ढीग झाला आहे.

मी आत जात नाही. मी ठरवलं आहे. माझ्या आवाजाने जे झालं ते माझ्या पायरवानेही पुन्हा होऊ शकतं. आत वन्सं बसतात, आणि नर्स तारा. ताराने खाटेच्या पायथ्याशी तक्ता टांगला आहे, तो मी रोज उतरवून घेते. २६ला नाडी ९४. २७ला ९८. काल १०४. आज १०६, प्रेशर एकशे ऐंशी. उतरायला हवं होतं. २५ला तर ७८ होती, पण तेव्हा झोपेचं औषध नुकतंच दिलेलं असणार.

मैनाबाई आपल्याकडे पंधरा वर्षं भांडी घासते. आज माझं ताट पाहून ओरडली, "बाई, तुमी काहून जेवून नाई राहिल्या? कालची भाकर बी तशीच हाय! मास्तरले बरं कराचं का तुमाले बी खाटेवर टाकाचं?" घास उतरत नाही खरा. या वर्षी थंडी लांबली आहे, बोटं गार पडतात. आडवं झालं की उशीत नाडी ऐकू येते. उशीतला कापूस गोळा झाला असेल, पिंजून घ्यायला हवी.

१ फेब्रुवारी

तारा फार कमी बोलते. आज तिने तक्ता काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"काकू, तुम्ही हे रोज उतरवता. वाचता का?"

"चढतंय," मी म्हटलं.

"कधीपासून?"

मी पाहिलं. २६पासून.

"झोपेचं औषध मी रोज रात्री नऊला देते. २५ला दुपारी चारची नाडी ७८ आहे. चारला खोलीत कोण होतं?"

चारला मीच बसले होते, तो अर्धा तास.

"ते डोळे उघडत नाहीत, पण ऐकतात. दर वेळी दार वाजलं की नाडी वर जाते, मग वन्संचा आवाज ऐकला की आणखी वर. वन्सं प्रेमाने रामरक्षा म्हणतात हो, पण केवढ्यांदा! आणि सरांना वाटतं की तुम्ही आला नाहीत." तिने माझा दंड धरून मला उठवलं. "जा आत. चप्पल काढा आणि गप्प बसा."

मी गेले. काही वेळाने यांचा हात चादरीवरून सरकत आला आणि माझ्या पदराचं टोक धरलं. ताराने मनगट धरून घड्याळ पाहिलं. ८२.

वन्संना वाईट वाटू नये म्हणून काय सांगावं याचा विचार करत होते, तर त्या आपणच म्हणाल्या, "मी बाहेर स्टुलावर बसते. लोकांना हाकलायचं काम तुला जमत नाही, हात काय जोडतेस? ते माझं काम."

३ फेब्रुवारी

पहाटे साडेपाचला मैदानातला लाउडस्पीकर सुरू झाला. चार कर्णे, त्यांतला एक सरळ आमच्या खिडकीकडे. यांचं अंग एकदम ताठ झालं. ११८. तारा पडद्यांवर गोधड्या टांगू लागली. तीन दिवस चालणार, पाच तारखेपर्यंत अखंड. यांना पडून आज तेराच दिवस, जपायचे तीन आठवडे अजून व्हायचेत.

मी तशीच मैदानात गेले. खुशालराव सोवळं नेसून, कपाळभर भस्म लावून मांडवात उभे. भातकुलीकडे दोनशे एकर काळी जमीन, त्यांच्या शब्दाबाहेर इथे कुणी नाही.

"वहिनी! या, या. मास्तर कसे हायेत? त्यायच्यासाठी बी आहुती टाकून राहिलो आमी."

"खुशालराव, तुमचा कर्णा बंद करा."

पाटांवरची जोडपी वळून पाहू लागली. मी म्हटलं, "त्यांच्या डोक्यात रक्त सांडलंय. त्यांना मोठा आवाज झाला की शरीर घाबरतं, आणि घाबरलं की फुटलेलं पुन्हा फुटेल. एवढंच आहे."

एक भटजी म्हणाले, "बाई, सगळ्या जगावर संकट आहे. एका माणसासाठी..."

खुशालरावांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "महाराज, थांबा जरा. वहिनी, मले एक सांगा. मास्तरनं माह्या पोराले मॅट्रिक काढून देल्लं, तीन डाव नापास झाल्यावर. त्या पोराचं गणित पाहून देव बी घाबरला असता, मास्तर नाई घाबरला. आता तो घाबरून राहिला म्हणता?"

"ते नाहीत. त्यांचं शरीर."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मागे ओरडले, "पुंजाराम! काढ बे ते भोंगे! सारे! महाराज, देवाले काय बिना भोंग्याचं आयकू येत नाई? मंत्र मनात म्हना. एक्कावन जोडपी हायेत, गुपचाप बसा मनाव. ज्याले बोलाचं हाये त्यानं नदीवर जाऊन बोलावं."

भटजी म्हणाले, "मनातल्या जपाचं फळ अधिकच सांगितलं आहे," आणि घाईघाईने पाटावर बसले.

नऊ वाजता नाडी ८८. दुपारी निवडणुकीच्या जीपा कर्णे लावून आल्या, तर खुशालरावांचे गडी रस्त्याच्या दोन्ही टोकांना आडवे उभे. कुठल्याच पक्षाला आत सोडलं नाही.

६ फेब्रुवारी

जग बुडालं नाही. काल संध्याकाळी यज्ञ संपला. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी अमरावतीत कधी पाहिली नव्हती. नुसता समिधा तडकल्याचा आवाज. वन्सं म्हणतात, यज्ञामुळे वाचलो. मैनाबाई म्हणते, मास्तरमुळे गाव वाचलं. मी कुणाशीच वाद घालत नाही.

नाडी ७४. प्रेशर एकशे पन्नास. साखर नाही, औषध निळंच राहिलं. जिला आम्ही मधुमेह समजून वन्संनी आणलेल्या कारल्यांचा रस काढायला बसलो होतो, ती साखर आपली आपण गेली.

१९ फेब्रुवारी

चार आठवडे पार पडले. मोठे डॉक्टर यंत्र घेऊन आपणहून आले. नवा आलेख जवळजवळ निरोगी माणसासारखा आला आहे. दोन्ही पट्ट्या त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. उद्धवला म्हणाले, "ही पहिली मला दे. मुलांना शिकवताना दाखवीन. खाली लिही: हृदय निर्दोष." मला हसू आलं, आणि मग एकदम खूप रडू आलं. बाहेर जाऊन रडले.

४ मार्च

आज यांना तीन उशांवर बसवलं. सहा आठवड्यांनी उजेडात चेहरा पाहिला. दाढी पांढरी झाली आहे. उजव्या डोळ्याची पापणी जराशी खाली, बाकी सगळं जागच्या जागी.

मी ठरवलंच होतं. म्हटलं, "त्या रविवारी मी जे बोलले..."

"कुठल्या रविवारी?" यांना तो दिवसच आठवत नाही. शनिवारच्या रात्रीनंतर काही नाही.

मला तिथेच थांबता आलं असतं. थांबले नाही. सगळं सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा, की तुमच्याशी लग्न होऊन मी एकटीच राहिले. तारा नाडी धरून होती. मी एक डोळा तिच्याकडे ठेवून बोलत होते.

हे छताकडे पाहू लागले. मग म्हणाले, "शुक्रवारी पण झालं होतं."

"काय?"

"डोकं. असंच, एकदम. चौथ्या तासाला, फळ्यापाशी. खडू पडला हातातून. दोन तासांत कमी झालं. दोन दिवस मान धरली होती."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू चहा बंद केला असतास."

उद्धव दारात उभा होता. त्याने कपाळावर हात मारला. "सर! ती पहिली गळती होती. शुक्रवारीच सुरुवात झाली होती. काकू, तुम्ही रविवारी गाणं म्हटलं असतंत तरी फुटलंच असतं."

मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. राग आला, फार राग आला. आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

१० मार्च

यांना घरी आणलं. उद्धव निघताना सहज म्हणून माझं मनगट धरून बसला. ११२. प्रेशर एकशे ऐंशी. तो म्हणाला, "काकू, तोंड कोरडं पडतं? हात गार? झोप?" मी थंडीचं, उशीचं, निबाचं सांगितलं. तो हसलाच नाही. म्हणाला, "खोलीत एक पेशंट होता असं मी समजत होतो. तुमच्या शरीराला अजून कुणी सांगितलं नाही की झालं ते झालं, संपलं." पंधरा दिवस पूर्ण विश्रांती, आणि ती या घरात नाही. उद्या सकाळच्या गाडीने अकोल्याला भावाकडे. हे म्हणाले, "जा. मी पळून जात नाही." मी जाते आहे. मी नसताना कुणाला काय द्यायचं ते कळावं म्हणून हे पान फाडून वन्संकडे देत आहे.

उद्धवला माझ्या वडिलांचं सोन्याच्या साखळीचं घड्याळ. नाही म्हणेल, सरांनी सांगितलं म्हणावं.

ताराला माझी निळी इरकली साडी, घडी न मोडलेली. कपाटात वरच्या खणात. तिला गोड आवडत नाही, पेढे देऊ नयेत.

खुशालरावांकडे अकरा नारळ आणि यांनी स्वतः लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी दोन ओळींची असावी, तिसरी लिहू देऊ नये, थकतात.

अचलपूरकरांची टोपली रिकामी परत करू नये. नवी संत्री भरून पाठवावी, आणि वन्संनी बरोबर जाऊन समजूत काढावी. परत मी पाठवलं होतं, पण समजूत काढणं त्यांनाच जमेल.

पार्बताबाईला दारातून परत पाठवलं होतं. तिला घरात बोलावून यांच्यासमोर खुर्चीवर बसवावं आणि चहा द्यावा.

मैनाबाईला गव्हाची एक पायली आणि आठवडाभर सुट्टी. सुट्टी घेणार नाही. भांडणाचीसुद्धा ताकद नसल्यासारखं वागावं, म्हणजे जाईल.

वन्संना माझी खोली, खिडकीकडली. रामरक्षा हवी तेवढ्या मोठ्याने.

यांना चहा, सकाळी एक कप, दुपारी अर्धा. बंद करू नये, काहीही सांगितलं तरी.

मला रोज एक कार्ड. नाडी, प्रेशर तारा येऊन लिहील. यांनी फक्त कुठे काय दुखतं ते लिहावं, कितीही थोडं असलं तरी.